एसएसडी टाकली, रॅम वाढवली, तरी लॅपटॉप दर पंधरा दिवसांनी अडकतो

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते ताडून बघता येईल.

लॅपटॉप जुना, आठ-दहा वर्षं वापरलेला. हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवलेली, रॅमही वाढवलेली. पहिले काही दिवस लॅपटॉप नुसता पळतो. मग एक दिवस कामाच्या मध्येच थबकतो. माउसचा बाण हलतो, पण क्लिक केलेलं काहीच उघडत नाही. लावलेलं गाणं वाजत राहतं, कारण ते आधीच मेमरीत आलेलं असतं; ते संपलं की पुढचं सुरू होत नाही. डिस्कचा बारीक दिवा लुकलुकायचं सोडून एकटक पेटलेला. अर्धा-पाऊण मिनिट जातं आणि काही झालंच नव्हतं अशा थाटात सगळं परत चालू. सुरुवातीला हे दोन दिवसांतून एकदा होतं, मग दिवसातून चारदा, मग निळी स्क्रीन, आणि एका सकाळी काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस नॉट फाउंड'. वैतागून खालचं झाकण उघडायचं, सगळं काढून परत बसवायचं, की गडी पुन्हा ठणठणीत. पंधरा दिवस. त्यानंतर परत पहिल्यापासून.

माझ्याकडे हा फेरा तीन वेळा झाला. तिन्ही वेळा मी चुकीच्या सुट्या भागाला दोषी धरलं.

लॅपटॉप २०१३ सालचा. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-५, ४ जीबी डीडीआर-३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. ४८० जीबीची एसएसडी आणि ८ जीबी रॅमची एक स्टिक मी एकदमच घेतली आणि एकाच संध्याकाळी दोन्ही बसवून मोकळा झालो. झाकण एकदाच उघडायचं, मग दोन्ही कामं उरकून टाकू, असा साधा हिशोब. पुढचा सगळा घोळ त्या हिशोबातून झाला. लॅपटॉप अडकायला लागला तेव्हा नव्या वस्तू दोन होत्या आणि कोणावर संशय घ्यायचा ते कळायला मार्ग नव्हता.

आधी रॅमवर घेतला, कारण निळ्या स्क्रीनवर मेमरीशी संबंधित काहीतरी लिहिलेलं दिसलं होतं. नवी स्टिक काढून फक्त जुन्या ४ जीबीवर चालवला. दोन आठवडे एकदाही अडकला नाही. झालं, गुन्हेगार सापडला. विकणाऱ्याने कुरकुर न करता स्टिक बदलून दिली. बदललेली स्टिक लावली, दहा-बारा दिवस उत्तम, मग परत तेच. आता दोन्ही स्टिकची जागा अदलाबदल केली. पुन्हा दोन आठवडे बरे गेले, पुन्हा अडकला. या टप्प्यावर मी 'जुनी आणि नवी रॅम एकमेकींशी जुळत नाहीत' असा सिद्धांत मांडून मोकळा झालो होतो. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवून चारही फेऱ्या पूर्ण केल्या होत्या आणि एकही चूक निघाली नव्हती, तरीही. यंत्राच्या चाचणीपेक्षा स्वतःच्या तर्कावर जास्त विश्वास, दुसरं काय.

या लॅपटॉपला खाली एकच मोठं झाकण आहे आणि रॅम आणि डिस्क दोन्ही त्याच्याच खाली शेजारी शेजारी आहेत. रॅमला हात लावायचा तर आधी डिस्कची पट्टी थोडी बाजूला सरकवावी लागते. म्हणजे दर वेळी रॅम बदलताना मी नकळत डिस्कची केबलही हलवत होतो, आणि गुण यायचा तो त्याने. मी मात्र श्रेय रॅमला देत होतो.

चारशेवीस

शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडून एसएसडीची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदी, नीट वाचली. 'नीट' म्हणतो, कारण आधीही दोनदा उघडली होती; वर निळ्या चौकोनात 'गुड' लिहिलेलं बघून समाधानाने बंद केली होती. तो शेरा डिस्कच्या तब्येतीचा असतो. डिस्कपर्यंत येणाऱ्या रस्त्याबद्दल तो फारसं काही सांगत नाही.

खालच्या यादीत सी७ नावाची एक ओळ असते, 'अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट' किंवा त्यासारखं काही. तिच्यापुढे उजवीकडच्या रकान्यात शून्यांच्या रांगेच्या शेवटी १ए४ असं होतं. हे आकडे सोळाच्या पायावरचे असतात, त्यामुळे पटकन नजरेत भरत नाहीत. फंक्शन, त्यात ॲडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, आणि तिथे दहाचा पर्याय निवडला की नेहमीचे आकडे दिसतात. १ए४ चे झाले ४२०. बरोब्बर चारशेवीस! इतका प्रामाणिक आकडा मी दुसरा पाहिलेला नाही.

हा आकडा काय मोजतो? डिस्क बोर्डला जोडणाऱ्या साटा केबलवरून माहितीचा प्रत्येक गठ्ठा जातो तेव्हा त्याच्या शेपटाला एक पडताळणीचा आकडा बांधलेला असतो. पलीकडे पोहोचल्यावर तोच हिशोब पुन्हा होतो. दोन्ही जुळले नाहीत तर वाटेत काहीतरी बिघडलं असं समजून गठ्ठा परत मागवला जातो आणि ही नोंद एकाने वाढते. म्हणून ही चूक बहुतेक वेळा डिस्कच्या आतली नसते. केबल, तिचं टोक किंवा बोर्डवरचं सॉकेट यांतली असते. अधूनमधून एखादा गठ्ठा परत मागवला तर तुम्हाला कळतही नाही. पण लागोपाठ चुकत गेले तर कंट्रोलर (डिस्क सांभाळणारी बोर्डवरची चिप) जोडणीच तोडून नव्याने सुरू करतो, आणि तोवर विंडोज ताटकळत बसतं. तोच तो अर्धा-पाऊण मिनिट.

एकदा चढलेला हा आकडा खाली येत नाही, त्यामुळे नुसता मोठा दिसला म्हणून घाबरू नका. कधी काळी कोणी केबल अर्धवट लावली असेल, तेव्हाचा असेल. बघायचं ते एवढंच की तो वाढतोय का. मी आकडा कागदावर लिहिला, मुद्दाम एक मोठा फोल्डर इकडून तिकडे कॉपी केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १बी१, म्हणजे ४३३. दिवसभरात तेरा.

दुसरा पुरावा विंडोजच्या दप्तरातच होता. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम. लॅपटॉप अडकला ती वेळ आठवून त्या सुमाराच्या नोंदी बघा. माझ्याकडे प्रत्येक अडकण्याच्या वेळेवर पिवळ्या त्रिकोणासह १२९ क्रमांकाची नोंद होती, स्रोत स्टोरएएचसीआय (साटा डिस्क हाताळणारा विंडोजचा ड्रायव्हर), मजकूर असा की डिव्हाइस रिसेट केलं. अधूनमधून १५३ क्रमांकाचीही होती, म्हणजे एखादं वाचन किंवा लेखन पुन्हा करावं लागलं. रॅमच्या दोषाने अशा ओळी एकामागोमाग पडत नाहीत. तीन महिने हा कागद माझ्यासमोर होता आणि मी तो उघडला नव्हता.

मग जुनी हार्ड डिस्क याच केबलवर इतकी वर्षं कशी चालली? याचं उत्तर त्याच प्रोग्रॅमच्या वरच्या भागात, 'ट्रान्सफर मोड' या ओळीत आहे. जुनी डिस्क यूएसबीच्या खोक्यात न घालता परत आत बसवून पाहिली तर तिथे साटा/३०० दिसत होतं. एसएसडीला साटा/६००. जुनी डिस्क सेकंदाला ३ गिगाबिटच्या वेगाने बोलत होती, नवी ६ च्या. रस्ता तोच, गाड्या दुप्पट वेगाने. लॅपटॉपमधली साटा केबल ही बहुधा कागदासारखी पातळ, घड्या घातलेली फ्लेक्स पट्टी असते आणि तिला वर्षानुवर्षं खालून उष्णता लागत असते. कमी वेगात जे खपून जातं ते दुप्पट वेगात उघडं पडतं.

त्यात माझा स्वतःचा हातभार होता. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड, एसएसडी ७ मिलिमीटर. हा अडीच मिलिमीटरचा फरक भरून काढायला एसएसडीच्या खोक्यात एक काळी प्लास्टिकची चौकट येते, एका बाजूला चिकटपट्टी असलेली. मला ती पॅकिंगचा भाग वाटली. कचऱ्यात गेली. परिणामी एसएसडी आपल्या खाचेत किंचित लोंबकळत होती, लॅपटॉप उचलला की डुलायची, आणि तो सगळा भार केबलच्या टोकावर यायचा. झाकण उघडून परत बसवलं की टोक घट्ट. पंधरा दिवस उचल-ठेव झाली की परत सैल. पंधरवड्याचं कोडं एवढंच होतं.

उपाय करायला वीस मिनिटं लागली. लॅपटॉपच्या मॉडेलचा नाही, तर जुन्या केबलवरच छापलेला भाग क्रमांक बघून तीच केबल मागवली. एकाच मॉडेलच्या दोन तुकड्यांत केबल वेगळी असू शकते. ती येईपर्यंत आकडा १बी७ वर गेला होता, म्हणजे ४३९. टोकं लावताना एक गोष्ट सांभाळा: फ्लेक्सचं जे टोक बोर्डावर बसतं तिथे बऱ्याचदा एक इवलीशी खिटी असते, ती नखाने उभी करायची, पट्टी सरळ आत सारायची आणि खिटी आडवी पाडायची. पट्टी ओढून काढली तर खिटी तुटते आणि मग बोर्डच दुरुस्तीला जातो. चौकट फेकल्यामुळे मी जाड पुठ्ठ्याचे दोन थर एसएसडीच्या आकाराचे कापून खाली सरकवले. दिसायला गावठी, पण डिस्क आता हलत नाही.

आकडा वाढत नसेल तर

सी७ शून्य आहे किंवा स्थिर आहे, आणि तरी १२९ च्या नोंदी पडतायत, असंही होतं. मग केबलऐवजी वीज वाचवण्याच्या सोयीवर संशय घ्या. साटाची जोडणी रिकामी असली की तिला डुलकी घ्यायला लावतात. काही जुने कंट्रोलर आणि काही एसएसडी यांचं या डुलकीतून उठण्यावर एकमत होत नाही. ताडून बघायला सोपं आहे: पॉवर प्लॅन दोन-चार दिवस 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवा. अडकणं थांबलं तर दिशा बरोबर आहे. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर असेल तर त्याच्या खिडकीत 'लिंक पॉवर मॅनेजमेंट' बंद करता येतं. सोबत एसएसडीच्या कंपनीचा प्रोग्रॅम उतरवून फर्मवेअर (एसएसडीच्या आतला तिचा स्वतःचा प्रोग्रॅम) नवं आहे का तेही बघा, पण फर्मवेअर चढवण्याआधी महत्त्वाच्या फायली बाहेर काढून ठेवा.

आणखी एक साधं कारण: डिस्क काठोकाठ भरलेली असणं. एसएसडीला आत फेरफार करायला मोकळी जागा लागते. दहा-पंधरा टक्के कायम रिकामी ठेवा. स्वस्तातल्या एसएसडी मोठी फाइल लिहिताना आधी वेगवान भागात लिहितात आणि तो भरला की एकदम बसतात. त्याला बिघाड म्हणत नाहीत, तो त्यांचा स्वभाव.

आणि ४८० जीबीची घेतली आणि विंडोज ४४७ दाखवतंय म्हणून भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. जागा तेवढीच आहे.

मुळात कमी काय होतं?

हा प्रश्न खरं तर खरेदीच्या आधी विचारायचा. मी विचारला नाही. ज्यांनी अजून काही घेतलेलं नाही त्यांच्यासाठी लिहितो.

लॅपटॉपच्या साध्या हार्ड डिस्कची तबकडी फिरते मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. वर टोक त्या ओळीपर्यंत सरकायचा वेळ वेगळा. म्हणून अशी डिस्क इकडून तिकडून बारीक बारीक तुकडे वाचायचे म्हटले तर सेकंदाला शंभराच्या आसपास वाचनांतच दमते. साध्या साटा एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, ती हजारोंनी वाचते. विंडोज सुरू होताना हेच बारीक तुकडे वाचले जातात, त्यामुळे हार्ड डिस्कच्या लॅपटॉपला सर्वांत मोठा फरक एसएसडीनेच पडतो. ज्यांना एकच गोष्ट घ्यायची आहे त्यांना मी डोळे झाकून एसएसडी सांगेन. फक्त एका बाबतीत थांबा.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते म्हणून सगळे डिस्कला नावं ठेवतात. पण रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातलं सामान डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणतं. या ने-आणीने डिस्क भरून जाते. भूक रॅमची, घाम डिस्कला. वेगळं ओळखायचं तर रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरीच्या पानावर 'हार्ड फॉल्ट्स' प्रति सेकंद बघा. नेहमीचे प्रोग्रॅम उघडे असताना तो आलेख सतत उंच राहत असेल, आणि टास्क मॅनेजरमधला 'कमिटेड'चा पहिला आकडा बसवलेल्या रॅमपेक्षा बराच पुढे गेला असेल, तर रॅम कमी आहे. एसएसडी टाकून हे दुखणं दबेल, बरं होणार नाही. ४ जीबीवर आजचा ब्राउझर दहा टॅबसह चालवणाऱ्यांचा हा हमखास अनुभव.

दोन्ही घ्यायचं ठरलं तर एक बसवा, आठवडाभर वापरा, मग दुसरं. झाकण दोनदा उघडायचा कंटाळा येतो, मान्य. मला पुढे सात वेळा उघडावं लागलं.

रॅम घेताना आणि बसवताना

रॅमच्या पिढ्या चुकून एकमेकींच्या जागी बसत नाहीत, कारण खाच वेगळ्या जागी असते. लॅपटॉपच्या डीडीआर-३ ला २०४ पिना, डीडीआर-४ ला २६०, डीडीआर-५ ला २६२. फसवणारी जोडी एकच: डीडीआर-३ आणि डीडीआर-३एल. खाच तीच, पिना तेवढ्याच, फरक व्होल्टेजचा. साधी १.५ व्होल्टवर चालते, एल असलेली १.३५ वर. एल असलेली स्टिक सहसा दोन्हीवर चालते. साधी स्टिक फक्त १.५ वर. चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपला १.३५ चीच लागते, तिथे साधी घातली तर स्टिक मजेत बसते, पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो. शंका असेल तर एल असलेलीच घ्या. जुन्या स्टिकवरच्या चिठ्ठीवर पीसी३एल-१२८०० असं काही असेल तर एल आहेच. १२८०० म्हणजे १६०० चा वेग गुणिले आठ.

एकच १६ जीबीची डीडीआर-३ स्टिक स्वस्तात दिसली तरी दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या कोअरवाल्यांनी मोहात पडू नये. त्या प्रोसेसरना इतक्या दाट चिपा वाचता येत नाहीत. तिथे एका स्लॉटला ८ जीबी ही हद्द.

वेग वेगवेगळे असले तर सगळ्या स्टिक सर्वांत संथ स्टिकच्या चालीने चालतात. ४ आणि ८ अशी विषम जोडीही चालते: ४ अधिक ४ एवढा भाग दुहेरी वाटेने, उरलेला एकेरी. काही लॅपटॉपना स्लॉट एकच असतो आणि बाकीची रॅम बोर्डवर झाळलेली. बारीक अंगाच्या लॅपटॉपना स्लॉट नसतोच. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ असते, पण झाळलेल्या रॅमलाही ती कधी कधी स्लॉट म्हणून मोजते. खरेदीआधी झाकण उघडून डोळ्यांनी बघितलेलं बरं.

बसवताना स्टिक तिरकी, साधारण तीस अंशांत, पुरती आत जायला हवी. सोनेरी कडा बाहेर दिसत असेल तर अजून आत जायची आहे. मग खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् असा आवाज येतो. काळ्या पडद्याच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. तरी पडदा काळा राहिला तर एक-एक स्टिक, एक-एक स्लॉट असे चारही प्रकार करून बघा. दोष स्टिकसोबत फिरत असेल तर स्टिक खराब, जागेवरच राहत असेल तर स्लॉट. जुन्या स्टिकच्या पिनांवर काळपट थर असेल तर पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसा आणि रबराची भुकटी झटकून टाका. स्लॉटमध्ये ती गेली तर नवीन दुखणं.

रॅम ८ जीबी आहे आणि 'यूजेबल' त्याहून दोन-तीनशे एमबी कमी दाखवतंय, ते ठीक. तेवढी ग्राफिक्स घेतं. निम्मीच दाखवत असेल तर आधी विंडोज ३२ बिटचं तर नाही ना ते बघा. त्याला ४ जीबीच्या पुढचं दिसत नाही. ६४ बिटचं असूनही कमी दिसत असेल तर सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये बूटच्या पानावर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम मेमरी'वर खूण आहे का पाहा. लॅपटॉप वेगवान होतो म्हणून कोणीतरी सांगितलेलं असतं आणि ती खूण वर्षानुवर्षं तशीच राहते.

एसएसडी आणि क्लोनचे घोळ

जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी जाते, तिथे निवडीचा प्रश्न नाही. मधल्या काळातल्यांना एम.२ चा, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीचा, स्लॉट असतो आणि तिथे गफलत होते: तोच स्लॉट काही ठिकाणी फक्त साटाची भाषा समजतो, काही ठिकाणी फक्त एनव्हीएमई ही दुसरी, जास्त वेगवान भाषा, काही ठिकाणी दोन्ही. एसएसडी बसली, स्क्रू लागला, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये) दिसतच नाही, असं झालं तर बहुतेक हेच. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. तो फक्त आकार, भाषा कोणती ते त्यावरून कळत नाही. सीडी ड्राइव्ह काढून तिथे चौकटीत दुसरी डिस्क बसवणार असाल तर एसएसडी मूळ जागी आणि जुनी हार्ड डिस्क चौकटीत ठेवा. सीडीची जागा अनेक लॅपटॉपमध्ये कमी वेगाची असते.

क्लोन करण्याआधी, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवण्याआधी, जुन्या डिस्कच्या स्मार्ट यादीत सी५ बघा. तिथे शून्याहून वेगळं काही असेल तर काही जागा वाचता येत नाहीयेत आणि क्लोन मध्येच कुठेतरी अडून बसणार. अशा डिस्कचा क्लोन करत बसू नका. आधी फायली उचला, विंडोज नव्याने टाका. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर क्लोनआधी तो थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डिस्कवर ठेवली तर उपयोग काय ते सांगायला नको. यूएसबी २ च्या पोर्टवर क्लोन लावलात तर धीर धरा: सेकंदाला ३५ एमबीने २०० जीबीला दीड तासाच्या वर लागतो.

क्लोन झाला की पहिल्यांदा फक्त नवी डिस्क आत ठेवून सुरू करा. दोन्ही जोडलेल्या असल्या तर दोघींची ओळख-खूण एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन करून टाकतं. सुरू होत नसेल तर तीन गोष्टी क्रमाने बघा. क्लोन करताना नुसता सी ड्राइव्ह घेतला आणि पुढचा छोटा सिस्टमचा भाग राहिला का? जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची (डिस्कचे भाग मांडायची जुनी पद्धत) आणि बायोस फक्त यूईएफआयवर (लॅपटॉप सुरू व्हायची नवी पद्धत), किंवा उलट, असं आहे का? आणि बायोसमधला साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय ऐवजी रेड किंवा आयडीई तर नाही? हा मोड झटक्यात बदलला तर निळी स्क्रीन येते. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू व्हायला लावा, मग बायोसमध्ये मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा आणि मग ती सेटिंग काढा.

झाकण उघडण्याआधी शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलंच राहतं. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. स्क्रू सगळे सारखे दिसतात आणि नसतात. कागदावर लॅपटॉपची पाठ काढून ज्याचा स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरून कीबोर्डला पोक येतो. आणि आत बॅटरी फुगलेली दिसली, किंवा टचपॅड वर आलेला वाटला, तर एसएसडी-रॅम सगळं बाजूला ठेवून आधी बॅटरी बदला. तिला टोचू नका, दाबू नका.

एक खुलासा राहिला. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. रॅम कितीही घातली तरी ते बदलत नाही. माझ्या लॅपटॉपवर आता लिनक्स आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो तिथे चालत नाही, पण डिस्क्स नावाच्या साध्या प्रोग्रॅममध्येही स्मार्टची तीच यादी मिळते. केबल बदलून आठ महिने झाले. लॅपटॉप रोज बॅगेत जातो, येतो. सी७ पुढे आजही ४३९ आहे.